रजिस्टरातली सुनंदा

ऊन तापायला लागलं की मला माणसं मोजायची खोड लागते. शिवरात्र उलटते, सोलापुरात सकाळचे नऊ वाजतात न वाजतात तोच दुपार झाल्यासारखं वाटतं, आणि मी वर्गात शिरल्या शिरल्या बोट उचलून डोकी मोजायला लागते. समोर बसलेली माणसं काही लहान नसतात. पीएचडीला नाव नोंदवल्यावर जो पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करावा लागतो, तो करायला आलेली ही मंडळी. कुणी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारं, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतलं, कुणाच्या केसांत पांढरं डोकावलेलं. बालवाडीतल्या पोरांसारखं मोजलं गेल्यावर ती एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. मोजून झाल्याशिवाय मी फळ्याकडे वळत नाही.

परवा एका अनोळखी प्राध्यापकांचा ईमेल आला. मी तयार केलेली एकटेपणाची मापनी त्यांना वापरायची आहे, पण एक शंका आहे. सतराव्या विधानाला त्यांच्याकडच्या झाडून सगळ्या विद्यार्थ्यांनी एकच उत्तर दिलंय. जे विधान माणसामाणसांतला फरक दाखवत नाही ते ठेवून काय उपयोग, गाळावं का? पत्र अगदी सभ्य होतं. मी ते दोनदा वाचलं, लॅपटॉप मिटला आणि गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या कुरडया उगाचच उलट्या करत बसले. समोरच्या गच्च्यांवर कुणी नव्हतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. या दिवसांत या वेळेला आमचं शहर असंच दिसतं, सगळे जण आत्ताच उठून कुठंतरी निघून गेल्यासारखं.

रात्रीच्या भयाचं लोक उगाच कौतुक करतात. आमच्याकडचं खरं भय दुपारचं. लहानपणी बारा ते तीन आम्हाला चिंचेखाली जाऊ देत नसत. का, असं विचारलं की आई म्हणायची, "तेव्हा सावल्या पायाखाली जातात, कोण कुणाची ते कळत नाही." मानसशास्त्रात एम. ए. केल्यावर मी या वाक्याला खूप हसले होते. आता हसत नाही.

आमचं संशोधन केंद्र अक्कलकोट रोड एमआयडीसीला लागून आहे. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या मागांची खटखट दिवसभर भिंतीतून येत असते. आठवडाभरात कानाला तिची इतकी सवय होते की ती ऐकू येईनाशी होते. ऐकू येते ती थांबल्यावर. वीज गेली की सगळे माग एका क्षणात गप्प होतात आणि भर दुपारी अशी शांतता पडते की आपण बोलत असलेलं वाक्य मध्येच उघडं पडतं. मी ती मापनी तयार केली त्या वर्षी मार्चमध्ये वीज फार जायची.

त्या वर्षी मी मापनीच्या मागे लागले होते. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना किती एकटं वाटतं, हे मोजणारी मापनी. चाळीस विधानं, प्रत्येकासमोर पाच चौकोन, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. वाचणाऱ्याला हे काम सोपं वाटेल. प्रत्यक्षात तो जिवाला घोर असतो. विधानं गोळा करायची, तज्ज्ञांना दाखवायची, त्यांच्या एकमेकांविरुद्धच्या सूचना हसतमुखानं स्वीकारायच्या, मग फॉर्म भरून घ्यायचे, आणि मग ही मापनी खरंच एकटेपणा मोजते की नुसती माणसांची कुरकुर मोजते, हे सिद्ध करायचं. माझ्या नवऱ्याच्या मते त्या वर्षी मी घरातल्यांनाही एक ते पाचमध्येच उत्तरं मागत होते. बाकीच्या गावांहून फॉर्मची पाकिटं यायची. पण आमच्या स्वतःच्या तुकडीतले चौदा जण माझे खास, रोज डोळ्यांसमोरचे. निदान मी तसं समजत होते.

विधानं मी त्यांच्याकडूनच गोळा केली होती. एका सकाळी म्हटलं, एकटं कधी वाटतं ते आपल्या भाषेत सांगा, मी लिहून घेते. मग तिसऱ्या बाकावरून सुनंदा म्हणाली, "मी चार दिस आले न्हाय, तर हितं कुणाला कळायचं बी न्हाय."

ही सुनंदा छत्तीस वर्षांची. माहेर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं, सासर मंद्रूपचं. बी. एड. होऊन दहा वर्षं घरात बसलेली, आणि मग एक दिवस उठून पीएचडीची प्रवेश परीक्षा दिलेली. मेंढरांमागं फिरणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांच्या शिक्षणावर तिला काम करायचं होतं. विषयाचा आराखडा मार्चअखेर द्यायचा होता. तो दिला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. रोज एसटीनं यायची, पोळीभाजीचा डबा मांडीवर ठेवून बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिच्या त्या वाक्यावर वर्गात कुणी हसलं नाही. मी ते सुधारून घेतलं, धुऊन इस्त्री करून, 'मी काही दिवस अनुपस्थित राहिल्यास ते इतरांच्या लक्षात येणार नाही' असं केलं आणि सतरा नंबरावर टाकलं.

फॉर्म निनावी होते. पण तेच फॉर्म त्याच माणसांकडून दोन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यायचे असतात. दोन्ही वेळची उत्तरं जुळली तर मापनी विश्वसनीय, नाहीतर ती बिघडलेल्या वजनकाट्यासारखी आज एक सांगणार, उद्या दुसरं. म्हणून मी प्रत्येकाला नावाऐवजी एक खुणेचा शब्द निवडायला सांगितला. सगळ्यांनी तो गुपचूप निवडायचा होता. सुनंदानं मात्र सरळ मोठ्यानं विचारलं, "बाभळ लिहिलं तर चालंल का मॅडम?" वर्ग हसला. तिचं गुपित असं पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं, मलाही.

पहिले फॉर्म आले. मी उत्तरं मांडली आणि सतराव्या विधानापाशी अडले. चौदाच्या चौदा जणांनी 'पूर्ण सहमत'वर खूण केली होती. बाहेरगावच्या पाकिटांतही तेच. माझ्या शास्त्रात अशा विधानाला किंमत नाही. मापनीनं माणसांतला फरक दाखवायचा असतो. सगळ्यांचं वजन सारखंच दाखवणारा काटा कोण विकत घेईल? मी सतराव्यावर लाल रेघ मारली आणि हातासरशी वर्गात सांगूनही टाकलं.

सुनंदा म्हणाली, "माझं वाक्य काढलं व्हय?"

"सगळ्यांनी एकच उत्तर दिलं ना. मग त्यातून काही कळत नाही."

"सगळ्यांचं त्येच हाय म्हणून काढलं?" असं म्हणून ती हसली. मीही हसले. मला वाटलं, हिला मुद्दा समजला. तेव्हाचं माझं हसू आठवलं की आजही मला माझीच चीड येते.

दोन आठवड्यांनी फॉर्म पुन्हा भरून घेतले. वर्गात वाटले, वर्गातूनच गोळा केले, चौदा दिले, चौदा आले. दुपारी जेवण करून मी जोड्या लावायला बसले. मोगरा, पाटी, रेल्वे, बाभळ. इतरांची उत्तरं थोडी इकडेतिकडे झाली होती, माणसांची होतात तशी. बाभळची जवळजवळ तंतोतंत जुळली. मला इतका आनंद झाला की मी तो फॉर्म उचलून पंख्याखाली धरून पाहिला. असा एक जरी विद्यार्थी मिळाला तरी मापनी करणाऱ्याचं आयुष्य सार्थकी लागतं. तेवढ्यात वीज गेली. माग थांबले, पंखा थांबला, आणि त्या शांततेत माझ्या लक्षात आलं की पहिल्या फॉर्मवरच्या खुणा बारीक, खाली दाबून केलेल्या होत्या. दुसऱ्यावरच्या मोठ्या होत्या, शेपूट चौकोनाबाहेर गेलेलं. मग वीज आली, पंखा फिरला आणि मी दोन्ही फॉर्म टाचणीनं एकत्र टोचून टाकले. उत्तरं जुळली होती; खुणेच्या वळणाला कोण विचारतो.

आठवड्यानं एक जुनी, आधीच प्रमाणित झालेली मापनी सगळ्यांना दिली. आपली नवी मापनी जुनीशी मेळ खाते का, हे बघायची ती रीत आहे. बाभळचा फॉर्म पुन्हा आला. पुन्हा चोख मेळ. या वेळी खुणा होत्या चौकोनात फुल्या मारलेल्या, निळ्या शाईच्या. मी पुन्हा काही मनावर घेतलं नाही.

आता मागे वळून बघताना मला नक्की सांगता येत नाही की त्या तीन आठवड्यांत मी सुनंदाला वर्गात पाहिलं होतं की नव्हतं. पाहिल्यासारखं वाटतं. तिसऱ्या बाकाच्या कडेला कुणीतरी आहे असं गृहीत धरून मी बोलत होते. एवढं मात्र आठवतं की शिकवता शिकवता खिडकीबाहेर नजर जायची. मधल्या रिकाम्या अंगणात ऊन थरथरत असायचं आणि पलीकडच्या वाचनकक्षाच्या खिडकीत हिरवट ओढणी घेतलेली एक बाई बसलेली दिसायची. ती पुस्तकात बघत नसायची. ती आमच्या वर्गाकडे बघत असायची. मला वाटायचं, असेल कुणी दुसऱ्या विभागातली. पुन्हा फळ्याकडे वळताना मला उगाच वाटायचं की वर्गात एक माणूस कमी आहे, किंवा एक जास्त आहे. नक्की कोणतं, ते कळत नसे.

आमच्या केंद्रात हजेरीचं रजिस्टर वर्गाबाहेर शिवप्पामामांच्या टेबलावर असतं. मामा अक्कलकोटच्या पलीकडचे, बोलताना कन्नड वळणाचं मराठी. वर्ग सुटला तरी रजिस्टर संध्याकाळपर्यंत तिथंच उघडं पडलेलं असे. एका दुपारी मी पाणी प्यायला बाहेर आले, तेव्हा मामा म्हणाले, "मॅडम, त्या मंद्रूपच्या बाईंना बरं न्हाय का?"

"कोण, सुनंदा? का हो?"

"रोज येत्यात. वर्गात जात न्हाईत. वर्ग सुरू झाला की हितं येत्यात, रजिस्टर बघत्यात, आन जात्यात."

"सही करायला येत असेल."

"सही न्हाय करत. बोट ठिवून एकच नाव बघत्यात. बघत्यात आन जरा हसत्यात." मामांनी आवाज खाली आणला. "मला लई बरं वाटत न्हाय त्ये हसणं."

मी रजिस्टर जवळ ओढलं. सुनंदाच्या नावापुढे एकही चौकोन रिकामा नव्हता. महिनाभराच्या सह्या, रोजच्या रोज. पण सोमवारची सही बारीक होती, मंगळवारची गोल, बुधवारची उजवीकडे झुकलेली. एकाच नावाच्या रांगेत कितीतरी माणसं उभी होती. सगळं आयुष्य मी माणसांच्या उत्तरांतलं सातत्य शोधण्यात घालवलेलं, आणि माझ्या स्वतःच्या दारातलं हे रजिस्टर मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

मी वर्गात परत गेले आणि विचारलं, "सुनंदा कुठाय?"

"आत्ताच होती की मॅडम," तीन-चार जण एकदम म्हणाले.

"आत्ता म्हणजे कधी? शेवटी कुणी बघितलं तिला?"

मान खाली घालणाऱ्यांत लक्ष्मी होती. तेलुगू विणकरांच्या घरातली, वडील याच एमआयडीसीत मागावर. शेवटी तीच उभी राहिली. "मॅडम, ज्याला यायला जमत न्हाय त्याची सही आमी पाळीनं करतो. माझ्या वडलांचं ऑपरेशन झालं तवा सुनंदाताईनंच माझी हजेरी सांभाळली होती. पंच्याहत्तर टक्के भरली न्हाय तर परीक्षेला बसू देत न्हाईत ना."

"आणि फॉर्म?"

"पयला तिनंच भरला. दुसरा मी. तिसरा..." तिनं मागं बघितलं. मागच्या बाकावरच्या, शाळेत शिकवणाऱ्या एका सरांनी हात वर केला.

मी फार चिडले. माझ्या मापनीचं वाटोळं झालं म्हणून आधी चिडले, हेही खरं सांगायला हवं. "तिची उत्तरं तुम्हाला काय माहीत? कशी जुळवलीत?"

लक्ष्मीला रडू येत होतं. "जुळवली न्हाईत मॅडम. तिचं काय असंल ते कळंना, म्हणून मी माझंच भरलं."

सरांनी मान डोलावली. त्यांनीही स्वतःचंच भरलं होतं. दोन निराळ्या माणसांनी आपापलं मन लिहिलं आणि दोन्ही वेळा तीच सुनंदा तयार झाली. पंखा चालू होता, माग चालू होते, तरी माझ्या अंगावर काटा आला. ती आजारी आहे की काय, हे कुणी विचारलं नव्हतं. कारण प्रत्येकाला वाटत होतं, ज्यानं काल सही केली त्याला ठाऊक असेल. तिच्यावर माया होती म्हणूनच त्यांनी तिचा चौकोन एक दिवसही मोकळा सोडला नव्हता. आणि त्याच मायेपायी ती नसल्याचं कुणाला दिसलं नव्हतं.

वर्ग तसाच सोडून मी अंगण ओलांडलं. बाराचं ऊन. माझी सावली कुठं दिसली नाही. वाचनकक्षात ती खिडकीशी बसलेली होती, डबा मांडीवर. मी जवळ गेले तरी दचकली नाही.

"सुनंदा, इथं काय करतेस?"

"मी आले का त्ये बघायला येते, मॅडम," ती म्हणाली.

मी समोरच्या खुर्चीवर बसले. ती शांतपणे सांगत गेली, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तशी. "एक दिस एसटी उशिरा आली. पळत वर आले तर रजिस्टरात माझी सही झालेली. दारातनं आत बघितलं. तुमी फळ्यावर लिहीत व्हता, कुणी मान वर केली न्हाय. म्हणलं, मी तर आत हायच, आता आणि कुटं घुसू? म्हणून हितं येऊन बसले. दुसऱ्या दिशी मुद्दाम सही केली न्हाय. तरी मी आलेली. तिसऱ्या दिशी बी आलेली. मग रोज बघायला लागले. एक दिस तरी मी नसंन, आन कोणतरी इचारंल. पर ती लई नेमाची हाय मॅडम. एक दिस खाडा करत न्हाय."

"ती कोण?"

"रजिस्टरातली." तिनं हसून खिडकीकडे बघितलं. मामा म्हणत होते ते हसू हेच असणार. "तिचं लई चांगलं चाललंय. हजेरी पुरी, फॉर्म बी भरले म्हणं तिनं. मग मी कशाला लागते?"

"तू आराखडा लिहिलास का?"

"मी कशाला लिहू? तिनंच लिहू दे की."

ती थट्टा करत नव्हती. मी तिचा हात धरला. हात गार होता, एवढ्या उन्हात. मग तिनं मला शाळेचं सांगितलं. दिवाळी झाली की हिचे आईबाप मेंढरं घेऊन निघायचे ते पावसाळ्याच्या तोंडाशी परत यायचे. पोरगी बरोबर. गावच्या शाळेत पट टिकला पाहिजे म्हणून गुरुजी तिची हजेरी मांडायचे, रोज. "परत आले की पोरं म्हणायची, तू तर रोज व्हतीस. मी इचारायची, मी काय करत व्हते? एक पोरगी म्हणली, तू गप बसायचीस." सुनंदा थांबली. "मी चौथी तशीच पास झाले मॅडम. परीक्षेला बी तीच बसली असंल."

मी तिला उठवलं आणि अंगणातून वर्गात नेलं. हात सोडला नाही. सोडला तर मधल्या उन्हात ती विरून जाईल असं मला खरोखर वाटत होतं. वर्गात सगळे उभे राहिले. लक्ष्मीनं तिला मिठी मारली, मग रजिस्टर आणलं आणि त्या दिवसाची खोटी सही खोडायला पेन उघडलं. सुनंदानं तिचा हात धरला. "असू दे की. तिनं कुणाचं काय वाईट केलंय?" ती बसली, पण तिसऱ्या बाकावर नाही. तो बाक तिनं ओलांडला, भरलेल्या जागेला वळसा घालावा तसा, आणि मागं जाऊन बसली. संध्याकाळी मी तिला एसटीत बसवलं. उद्या ये, असं म्हटलं. येते की, असं म्हणाली. गाडी गेल्यावर मला भीती वाटायला लागली ती रात्रभर गेली नाही.

सतरावं विधान मी नंतर मापनीत परत घातलं, आणि तिच्याच शब्दांत घातलं. म्हणून मला ईमेल येतात. हे विधान फरक दाखवत नाही, असं लिहितात. मी कळवते की बरोबर आहे, दाखवत नाही, तरी ठेवा. शास्त्राला हे उत्तर पटण्यासारखं नाही, मलाही पुरतं पटत नाही. बाभळचे फॉर्म मी गठ्ठ्यातून काढले; पण बाहेरगावच्या पाकिटांचं काय? तिथंही रजिस्टरं होतीच, सांभाळून घेणारी माणसं होतीच. जोड्या लावायला बसले की अजून वाटतं, या खुणांमागं कोण बसलं होतं? तंतोतंत जुळणारा फॉर्म हातात आला की आता आनंद होत नाही. मी तो पालथा घालते आणि उठून खिडकी लावून घेते.

सुनंदाला एसटीत बसवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी कुणाची सही केली नाही. मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. अकरा वाजले. मी शिकवायला लागले, पण एकही जण लिहून घेत नव्हता. पाच-पाच मिनिटांनी कुणीतरी उठून बाहेर रजिस्टर बघून यायचं आणि मान हलवायचं. सुनंदाच्या नावापुढचा चौकोन मोकळा होता. महिन्याभरात पहिल्यांदा. तिचा फोन वाजत होता, पण ती उचलत नव्हती. सव्वाअकराला वीज गेली, माग थांबले, आणि त्या शांततेत लक्ष्मी पिशवी उचलून उभी राहिली. मग सगळेच उठले.

शिवप्पामामांनी वडापच्या, माणशी भाडं घेऊन गावोगाव जाणाऱ्या, दोन जीपा ठरवून दिल्या आणि दुसरीत स्वतःही चढून बसले. वाटेत दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चाललेली. निम्मी रानं उघडी पडलेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या. लांबून त्या माणसांसारख्या दिसत होत्या, जवळ आलं की पेंढ्याच निघत होत्या. मी मनातल्या मनात काय काय पाहिलं ते इथं लिहीत नाही. विहिरींवरून जीप जायची तेव्हा मी डोळे मिटून घेत होते.

मंद्रूपला फाट्यावर उतरलो. घर गावाच्या कडेला होतं, बोळातून चालत जावं लागणार होतं. तेरा विद्यार्थी, मामा आणि मी, भर दुपारी, एकामागे एक. कुणाच्या तोंडून शब्द नाही, बायकांनी उन्हासाठी डोक्यावरून पदर घेतलेले. दारं उघडून लोक बघू लागले. एकानं आम्हाला पाहून डोक्याची टोपी काढून हातात घेतली. तेव्हाही मला कळलं नाही, आम्ही कसे दिसत आहोत ते.

अंगणात बाजेवर सुनंदाची सासू बसली होती. पाय सुजलेला, हळद लावून फडकं बांधलेलं. आम्हाला बोळातून येताना पाहून ती म्हातारी बाजेची कड धरून उठायला लागली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"एवढी माणसं? भर दुपारची?" ती म्हणाली. "कोण गेलं वं?"

आम्ही सगळे थांबलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. रानात काढणीची माणसं असावीत, त्यांच्यासाठी. सासूचा पाय मुरगळलेला म्हणून आज सुनंदाच घरी. एवढं साधं कारण.

लक्ष्मी पुढं झाली. "कोण गेलं न्हाय, आजी. सुनंदाताई आज आली न्हाय, म्हणून आलो."

"आन त्येच्यासाठी इतकी जणं?"

"व्हय."

आत भाकरीचा आवाज थांबला. सुनंदा दारात आली, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे. तिनं आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, कुणालाही न वगळता, फार सावकाश. मग ती उंबऱ्यावरच बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. तिला कुणी गप्प केलं नाही.